बराकीसमोरचं रिंगण : सोलापुरात बंदींसोबत नृत्यसत्र कसं चालवायचं

गणेशोत्सव जवळ आला की सोलापुरातली मंडळं रात्री रस्त्यावर लेझीम घोटायला लागतात. त्यामुळे ‘कारागृहात नाच शिकवू या’ असं इथे कुणी म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘मग पंधरा ऑगस्टला एक छान आयटम बसवू.’ काम इथेच फसतं. आयटम पाहुण्यांसाठी असतो, सत्र बंदींसाठी, म्हणजे कैद्यांसाठी. दोन्हींचे नियम वेगळे, वेग वेगळा, चूक कशाला म्हणायचं तेही वेगळं. हा लेख फक्त सत्रापुरता आहे. जिल्हा कारागृह, महिला विभाग किंवा अल्पवयीन मुलांचं निरीक्षणगृह अशा ठिकाणी आठवड्यातून दोनदा, पन्नास मिनिटं, बारा आठवडे काय करायचं, कशानं करायचं आणि कुठे सांभाळायचं, एवढंच त्यात आहे.

फिलिपिन्समधल्या सेबूच्या कारागृहात केशरी कपड्यांतले शेकडो बंदी एका ठेक्यावर नाचतानाची चित्रफीत २००७ मध्ये जगभर फिरली. कवायत चोख होती. पण ‘नाही म्हणायची सोय होती का?’ हा प्रश्न लगेच आला आणि तो अजून मिटलेला नाही. त्याच सुमारास कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कारागृहात अलोकनंदा रॉय यांनी बंदींसोबत नृत्याचं काम सुरू केलं होतं. तिथूनही पुढे रंगमंचावरचे प्रयोग झाले, पण त्यामागे दीर्घ काळाची नियमित तालीम आणि ओळख होती. नवख्या गटाने प्रयोगाचा विचार पहिलं वर्षभर तरी बाजूला ठेवावा.

कारागृहात उठायचं कधी, जेवायचं कधी, बराकीत परत जायचं कधी, सगळं दुसरा ठरवतो. स्वतःच्या अंगाबद्दल काही ठरवायची सवयच मोडते. सत्रात ती थोडी थोडी परत येते: हात किती उंच न्यायचा, आज उभं राहायचं की बसायचं, पुढचा ताल कुणी धरायचा. पुढची प्रत्येक सूचना याच कसोटीवर तपासून घ्या. जिथे बंदीला निवड उरत नाही, तिथे ती कृती गाळा.

परवानगी : दोन महिने हातात ठेवा

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे करायचा. बाहेरच्या संस्थेचा नियमित उपक्रम असेल, तर कागद पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत जाऊन यावा लागेल हे धरून चाला. ‘उद्यापासून येतो’ असं इथे होत नाही. संस्थेचं नोंदणीपत्र, येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आणि फोटो, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, बारा आठवड्यांचं वेळापत्रक आणि आत नेणाऱ्या वस्तूंची यादी एवढं अर्जाला जोडा.

वस्तूंची यादी सर्वांत महत्त्वाची. त्यात ‘संगीत साहित्य’ असं मोघम लिहिलं की फाइल थांबते. ‘प्लास्टिकची बादली १, २० लिटर, सुती नॅपकिन २४, १४ × २१ इंच, क्रमांक घातलेले, पांढरा खडू ६ कांड्या’ असं लिहा. कारागृह कायद्यानुसार मनाई असलेली वस्तू आत नेणं गुन्हा आहे. खिशात राहिलेली तंबाखूची पुडी किंवा बंदीने नातेवाइकांना द्यायला दिलेली चिठ्ठी, दोन्हींमुळे तुम्ही आणि तो बंदी सारखेच अडकाल. मोबाइल आणि स्मार्टवॉच गाडीतच ठेवा. साधं, सेकंद काट्याचं घड्याळ मात्र परवानगी काढून न्याच. ते कशाला, ते पुढे येईल.

विनंती कशाच्या आधारे करायची? संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांमध्ये दोन आधार आहेत. नियम २३ मध्ये रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम, तर नियम १०५ मध्ये करमणूक आणि सांस्कृतिक उपक्रम सांगितले आहेत. अर्जात दोन ओळी पुरतात, भाषण नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची माणसं कायदेशीर मदतीसाठी कारागृहात जात-येत असतात. त्यांना आधी भेटून घेतलं, तर आतला दिनक्रम नीट समजतो.

वेळ मागताना सकाळची मोजणी आणि नाश्ता झाल्यानंतरची मागा. संध्याकाळी बराकी बंद होण्याच्या आसपासची वेळ चुकूनही घेऊ नका. मोजणी जुळली नाही की सगळं जागच्या जागी थांबतं आणि सत्र अर्धवट तुटतं. मार्च ते जूनमध्ये तर नऊच्या आत उरका. सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडतं आणि शहाबादी फरशी त्याआधीच तापते.

गटात कोण

संख्या १२ ते १८. त्यापेक्षा जास्त झाले की ती कवायत होते, आठच्या खाली गेले की प्रत्येकाला आपल्यावरच नजर असल्यासारखं वाटतं.

न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी, म्हणजे बोलीतले कच्चे आणि पक्के, यांना वेगळं ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. स्त्रिया आणि पुरुषही वेगळे. म्हणून ‘सगळ्यांचा एकच मोठा गट’ हा बेत आधीच सोडून द्या. महिला विभागात फक्त महिला प्रशिक्षक जातील. तिथे आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुलं असू शकतात. मुलं रिंगणात येणारच, त्यांना हाकलू नका. मधोमध खडूने एक छोटं वर्तुळ काढून ते त्यांचं म्हणून ठरवून द्या, म्हणजे पायात येत नाहीत.

नावं कशी येतात हे पाहा. हवालदाराने बराकीत जाऊन ‘तू, तू आणि तू, चला’ म्हणून आणलेला गट पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो: सगळे एका ओळीत, हात मागे, नजर साहेबांकडे. म्हणून पहिलं सत्र सर्वांसाठी उघडं ठेवा आणि ‘बघायला या, नाव नंतर द्या’ असं सांगा. मात्र अंतिम यादीवर तुरुंगाधिकाऱ्यांची नजर फिरली पाहिजे. कोणाचं कोणाशी वैर आहे, एकाच गुन्ह्यातले दोघं समोरासमोर येतात का, हे त्यांनाच माहीत असतं. तुम्ही गुन्हा विचारू नका. कुणी आपणहून सांगू लागला, तर ‘वकिलांशी बोला’ एवढंच म्हणा.

डॉक्टरांकडून यादीवर खुणा करून घ्या. फिट येणारे, हृदयविकार, हर्निया, गरोदर महिला, नुकतं बाळंतपण झालेल्या, व्यसन सुटताना हात थरथरणारे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर आधी क्षयरोगाची तपासणी. मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्यांना बसून चटकन उठलं की चक्कर येऊ शकते, म्हणून खाली बसून उसळी मारायचे प्रकार कुणालाच देऊ नका. एकट्याला वेगळं वागवलं, तर त्याचा आजार सगळ्या बराकीला कळतो.

आता एक नाजूक गोष्ट, आणि ती सोलापूरची आहे. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, होती आणि त्या कुंपणातल्या माणसांनी इथल्या गिरण्यांत काम केलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लोक विमुक्त झाले. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव शहरात अजून आहे, आणि संशयाची नजरही पुरती गेलेली नाही. गटात डोंबारी, कोल्हाटी किंवा अशाच समाजातलं कुणी असेल, तर ‘तुम्हाला तर येतच असेल, दाखवा की’ हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. ज्यांच्या घरात नाच हे पोटासाठी आणि दुसऱ्यांच्या नजरेखाली करायचं काम होतं, त्यांना ‘नाच’ या शब्दाचीच अढी असू शकते. म्हणून सत्राला बंदींसमोर ‘ताल’ म्हणा, ‘रिंगण’ म्हणा. ‘डान्स क्लास’ नको.

जागा आणि साहित्य

१८ जणांचं रिंगण म्हणजे माणशी चार फूट धरून ७२ फुटांचा परीघ, म्हणजे साधारण २३ फूट व्यास. बाहेरून अडीच फूट मोकळे सोडले, तर २८ फूट लांबी-रुंदीची जागा लागते. मोजायला दोरी नेऊ नका, दोरी आत जाणार नाही. मध्यावर उभं राहून पाच साधी पावलं चाला आणि खडूने खूण करा. आठ दिशांना आठ खुणा केल्या की रिंगण तयार. १२ जण असतील, तर साडेतीन पावलं.

फरशी कोरडी हवी. आदल्या दिवशी धुतलेली जागा सकाळी वरून सुकल्यासारखी दिसते, पण सांध्यांत पाणी असतं आणि अनवाणी पाय तिथेच सरकतो. चपला काढायला सांगा, पण तळपायाला जखम असेल किंवा फरशी तापली असेल, तर जागा बदला. चपला घालून पावली, म्हणजे वारकऱ्यांची नाचाची चाल, नको, पट्टा तुटून घोटा मुरगळतो.

वाद्याचा विचार आधी मनातून मोकळा करा. हलगी हे पहिलं सुचणारं वाद्य, आणि इथे नेमकं तेच गैरसोयीचं. तिचं कातडं तापवायला विस्तव लागतो, तो आत मिळणार नाही. न तापवलेली हलगी पावसाळी हवेत मिळमिळीत वाजते, आणि तापवून नेलेली वीस मिनिटांत उतरते. शिवाय तिचा आवाज शेजारच्या बराकीत घुमतो. ज्यांना रात्री झोप नसते, ते सकाळी तिथे पडलेले असतात, आणि पहिली तक्रार त्यांचीच येते. दोरीच्या ढोलकीत कित्येक फूट दोरी असते, नटबोल्टच्या ढोलकीला पाना लागतो. या भानगडीपेक्षा वीस लिटरची प्लास्टिकची बादली पालथी घाला. मध्यावर तळहात मारला की ‘धुम’, कडेला बोटं मारली की ‘टक’. बादलीखाली घडी घातलेला नॅपकिन सरकवला की आवाज निम्म्यावर येतो. बाकी सगळा ताल टाळ्यांचा आणि तोंडाचा.

नॅपकिन हे सोलापूरच्या मातीतलं सर्वांत उपयोगी साहित्य. टर्किश टॉवेलचं गाव असल्याने कुठल्याही कारखान्यात सेकंड माल म्हणून बाजूला काढलेले नॅपकिन मिळतात. १४ × २१ इंचांचेच घ्या. ३० × ६० चा अंगपुसणीचा टॉवेल आत नेऊ नका. पाच फुटांचं कापड गळफासाला पुरतं, आणि अधिकाऱ्यांच्या मनात ती भीती असते ती रास्तच आहे. प्रत्येक नॅपकिनवर कोपऱ्यात धोब्याच्या शाईने १ ते २४ आकडे घाला. सत्राआधी मोजून द्यायचे, संपल्यावर मोजून घ्यायचे, आणि दोन्ही वेळा वहीत हवालदाराची सही.

पन्नास मिनिटांची आखणी

पहिली पाच मिनिटं नुसतं येणं. रिंगणात जागा ज्याने त्याने निवडायची. रिंगणाबाहेर भिंतीला लागून एक सतरंजी अंथरा. ती ‘बसून’ सामील होणाऱ्यांची जागा. तिथे बसणं ही शिक्षा नाही आणि सवलतही नाही, हे पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतः तिथे बसून दाखवा.

मग आठ मिनिटं अंग मोकळं करणं: मान (फक्त डावी-उजवी, पूर्ण गोल नाही), खांदे, मनगटं, कंबर, घोटे. प्रत्येक हालचाल आठ मोजण्याची, दोनदा. ताल मिनिटाला ८०. घड्याळाचा उपयोग इथे: पंधरा सेकंदांत वीस टाळ्या बसल्या म्हणजे ८०. शिकवणाऱ्याला उत्साह आला की ताल नकळत १०० वर जातो आणि मागची चार माणसं गळतात. त्यांनी गळल्याचं सांगायची वाट पाहू नका, घड्याळ पाहा.

त्यानंतर दहा मिनिटं पावली. जिल्ह्यातच पंढरपूर असल्याने ही चाल निम्म्या गटाच्या पायात आधीच असते. सत्रासाठी तिचं साधं रूप असं:

१ – उजवा पाय पुढे.
२ – डावा त्याच्या शेजारी नुसता टेकवा, टाळी.
३ – डावा पाय मागे.
४ – उजवा शेजारी टेकवा, टाळी.
५ – उजवा पाय उजवीकडे.
६ – डावा शेजारी टेकवा, टाळी.
७ – डावा पाय डावीकडे.
८ – उजवा शेजारी टेकवा, टाळी.

आठव्या मोजण्याला माणूस जिथून निघाला तिथेच परत येतो, म्हणून धक्काबुक्की होत नाही. चुकणारे बहुतेक ३ वर चुकतात: २ ला टेकवलेल्या डाव्यावर चुकून भार देतात, मग तो मागे जायला मोकळाच राहत नाही. ‘पाय चुकला’ म्हणू नका. ‘डाव्या पायाखाली तापलेला तवा आहे, नुसता शिवा’ म्हणा, लगेच जमतं. टाळीऐवजी तोंडी देवाचं नाव घेऊ का, असं कुणी विचारेल. गटात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध सगळे असतात. सत्रात फक्त आकडे ठेवा, भजन ज्याचं त्याने बराकीत म्हणावं. आकडे मात्र फिरते ठेवा: एक दिवस मराठी, एक दिवस तेलुगू, एक दिवस कन्नड, एक दिवस उर्दू. ‘ओकटी, रेंडू, मूडू’ म्हणत पद्मशाली घरातला एखादा गप्प माणूस जेव्हा सगळ्या रिंगणाला मोजून देतो, तेव्हा त्याच्याकडे बघण्याची गटाची नजरच बदलते.

पुढची पंधरा मिनिटं सत्राचा गाभा: कामाचे ताल. सोलापुरात मागावर किंवा विड्या वळून पोट भरलेलं कुणी ना कुणी प्रत्येक गटात निघतं. त्या हातांना ‘नवीन स्टेप’ शिकवायची गरज नसते.

मागाचा ताल चार मोजण्यांचा. पहिल्यावर पाय दाबायचा, गुडघ्यातून किंचित खाली जात, जसा मागाच्या पावडीवर, म्हणजे पायपट्टीवर. दुसऱ्यावर धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारा ठोकळा: उजवा हात छातीच्या उंचीवर उजवीकडून डावीकडे सर्रकन. तिसऱ्यावर फणी ठोकायची, दोन्ही हात पुढून छातीकडे ओढून. चौथ्यावर थांबायचं. पुढच्या चारांत धोटा उलट दिशेने, पाय दुसरा. हे चौथं ‘थांबा’ गाळू नका. मागावर थांबणं म्हणजे दोरा तुटला, नुकसान, मालकाची हाक. इथे थांबणं तालाचाच भाग आहे. निम्मा गट ‘अ’ आणि निम्मा ‘ब’ करून ‘ब’ला दोन मोजणी उशिरा सुरू करायला लावा, की एकाचं ठोकणं दुसऱ्याच्या पायाखाली येतं आणि अख्खी शेड चालू झाल्यासारखी वाटते. ताल इथे १०८ पर्यंत चढू द्या (पंधरा सेकंदांत २७), त्यापुढे नाही. चार मिनिटं झाली की उतरवा.

विडीचा ताल बसून करायचा, सतरंजीवरच्यांसाठी आणि बाकीच्यांना दम खायलाही. पान: तळहात पुढे पसरा. तंबाखू: दुसऱ्या हाताच्या चिमटीने तळहातावर मनगटाकडून बोटांकडे पेरत जा. वळणं: दोन्ही हातांच्या बोटांनी स्वतःपासून दूर गुंडाळा. दोरा: तर्जनी हवेत दोनदा फिरवा. प्रत्येकी चार मोजणी, एकूण सोळा. महिला विभागात हा ताल बहुधा सर्वांत आधी हसू आणतो. पण सरसकट धरून चालू नका. ज्या बाईची बोटं विड्या वळून आखडली आहेत, तिला हे नको असू शकतं. ‘तुमच्या हाताला कुठलं काम पाठ आहे?’ असा प्रश्न विचारा आणि त्यातून ताल काढा. भाकरी थापणं, शिलाई मशीनचं पायडल, ज्वारीची कापणी, केळीचा घड उचलणं, काहीही चालतं. गटातून आलेल्या तालाला त्या माणसाने दिलेलं नाव ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच नावाने हाक द्या.

मग सात मिनिटं जोडीचं काम. एका नॅपकिनची दोन टोकं दोघांनी धरायची. एक जण सोळा मोजणी हात हलवेल, दुसरा मागोमाग जाईल, मग अदलाबदल. कापड ताणलेलंही नको आणि लोंबतंही नको. बस, एवढंच. या खेळात एकमेकांना हात न लावता एकमेकांचा अंदाज घेता येतो, आणि कारागृहात त्याला फार किंमत आहे. जोड्या तुम्ही लावू नका. ज्याला जोडी नको, त्याने नॅपकिनची दोन्ही टोकं स्वतःच्या दोन हातांत धरायची.

शेवटची पाच मिनिटं उतरणं. ताल ६०, म्हणजे सेकंद काट्याबरोबर एक. पावली छोटी, टाळी बंद, मग नुसतं जागेवर वजन डावीकडे-उजवीकडे. शेवटी उभं राहून तीन श्वास, आत चार मोजणी, बाहेर सहा. डोळे मिटायला सांगू नका. आत पाठीमागे कोण आहे याचं भान सुटलं की अनेकांना घाबरायला होतं. ‘समोरच्या फरशीवर नजर ठेवा’ हे पुरतं. हा भाग वेळ संपली म्हणून कधीच गाळायचा नाही. त्यापेक्षा कामाचे ताल पाच मिनिटांनी कमी करा. १०८ वर चढलेला माणूस तसाच बराकीत गेला, तर पुढच्या अर्ध्या तासात भांडण होतं, आणि त्याचं खापर उपक्रमावर फुटतं. तेही बरोबरच आहे.

बारा आठवडे

पहिले तीन आठवडे फक्त पावली आणि दोन कामाचे ताल. नवीन काही नाही. कंटाळा तुम्हाला येईल, त्यांना नाही. त्यांच्या आठवड्यात ठरलेल्या वेळी येणारी आणि ठरल्याप्रमाणेच घडणारी चांगली गोष्ट विरळाच. चौथ्यापासून नॅपकिन. सहाव्यापासून रोज एकाने सुरुवात करून द्यायची. नवव्यापासून, परवानगी असेल तर, लेझीम.

लेझीम म्हणजे लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि चकत्या. आत नेण्याच्या दृष्टीने त्यातला एकही भाग साधा नाही. बाराच न्या. प्रत्येक लेझमीच्या चकत्या आणि साखळीच्या कड्या मोजून वहीत लिहा. सैल झालेली तार आधीच वळवून घट्ट करा. एक चकती हरवली, तर त्या दिवशी अख्ख्या बराकीची झडती होईल. परवानगी नाकारली गेली, तर वाद घालू नका. दोन मुठी फूटभर अंतरावर धरून, तोंडाने ‘छन्’ म्हणत रिकाम्या हाताने लेझमीचे पवित्रे करता येतात, आणि अठरा जणांचं ‘छन्’ एकाच वेळी आलं की कमी काही वाटत नाही.

नृत्यरचना बसवताना एक गणित डोक्यात ठेवा. देशातल्या कारागृहांत साधारण चारपैकी तीन बंदी न्यायाधीन असतात. आज रिंगणात असलेला परवा तारखेवर असेल, जामिनावर सुटेल किंवा दुसरीकडे हलवला जाईल. त्यामुळे ‘मधला माणूस’, ‘पहिली जोडी’ अशी नेमणूक असलेली रचना चौथ्या आठवड्यात मोडते, आणि जो उरला त्याला सुटलेल्याचा राग येतो. प्रत्येक सत्र स्वतःपुरतं पूर्ण असावं. आज पहिल्यांदा आलेल्याला दहाव्या मिनिटाला पावली करता आली पाहिजे.

कुठे बिघडतं

फुगडी. महिला विभागात मागणी हमखास येते आणि आनंदही खरा असतो. पण फरशीवर, अशक्त अंगाने, घामेजलेल्या हातांची पकड सुटली की डोकंच आपटतं. बसफुगडी गुडघ्यांना नको, उभी फुगडी फरशीवर नको. मातीचं अंगण असेल, तर दोन फेऱ्या, मनगटाला मनगट धरून. नाहीतर नॅपकिन मध्ये धरून नुसतं गोल चालणं.

कुणी मध्येच रडू लागलं, तर ताल थांबवू नका, सगळ्या नजरा तिकडे वळतात. एका प्रशिक्षकाने सतरंजीवर जाऊन शेजारी बसावं, पाठीवर हात न ठेवता. ‘काय झालं?’ विचारू नये, ‘पाणी देऊ का?’ विचारावं. म्हणूनच प्रशिक्षक कायम दोन हवेत, एकट्याने सत्र घेऊ नये. हे नृत्य-उपचार नाहीत. त्या विद्येचं वेगळं प्रशिक्षण असतं. अमेरिकेत मॅरियन चेस यांनी १९४० च्या दशकात वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात तिचा पाया घातला. आपल्याकडे निवारागृहांतल्या मुलींसोबत कोलकाता संवेद ही संस्था २००४ पासून हे काम करते. जखम उघडायची आणि ती बांधता येऊ नये, असं करण्यापेक्षा ती न उघडणंच बरं. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर त्याच दिवशी, गेटबाहेर पडण्याआधी, वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगायचं. ही एकच गोष्ट गुप्त ठेवायची नाही, हे गटालाही पहिल्या दिवशी सांगून ठेवा.

बघे. बंदोबस्ताचे हवालदार हसले, शिट्टी वाजवली, की दोन सत्रांत रिंगण रिकामं. त्यांना पहिल्या सत्राच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं भेटा आणि मागाचा ताल त्यांच्याकडून करवून घ्या. त्यांतल्याही एखाद्याच्या घरी माग असतोच.

आश्वासनं. प्रमाणपत्र, शिक्षेत सूट, जामिनाला मदत, यातलं काहीही सुचवू नका. फोटोही नकोत, पाठमोरेसुद्धा. निरीक्षणगृहात तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हाच आहे.

खर्च आणि नोंदी

खर्च मुळात फार नाही. प्रशिक्षकांचा प्रवास, नॅपकिन, बादली, खडू. पण शहरात उद्योगांचं क्लस्टर, म्हणजे एकाच धंद्यातल्या कारखान्यांचा समूह, आहे, मग तिथून निधी मिळेल, असा एक समज असतो. तो आधी मिटवा. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर विकास कार्यक्रमाचं अनुदान सामायिक सुविधा केंद्र आणि औद्योगिक वसाहतीच्या पायाभूत सोयींसाठी असतं. सदस्य कारखानदारांनी काढलेल्या कंपनीला ते पैसे समाजकार्याकडे वळवता येत नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) दोन टक्के निधी कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांनाच बंधनकारक आहे. अक्कलकोट रोडवरचे बहुतेक यंत्रमागवाले त्यात बसत नाहीत, आणि त्यांना पत्र लिहून ओशाळवू नये. त्यांच्याकडे पैसे मागण्यापेक्षा माल मागा: सेकंडचे नॅपकिन, दोन सतरंज्या. गारमेंट युनिटवाल्यांना मात्र वेगळा प्रश्न विचारा. सुटून आलेल्या माणसाला मशीनवर बसवाल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याची वाच्यता आत करू नका. ‘हो’ आलं, तर नाव अधीक्षकांना कळवा, बंदीला परस्पर नाही.

नोंदी तीनच. हजेरी. सत्राआधी आणि नंतर खडूने काढलेल्या तीन चेहऱ्यांपैकी (बरा, मधला, वाईट) ज्याने त्याने कुठे उभं राहायचं, त्याचे आकडे, नावं नाहीत. आणि महिन्यातून एकदा, ‘झोप कशी आहे?’ अहवालात ‘गुन्हेगारी प्रवृत्ती कमी झाली’ असलं वाक्य लिहू नका. बारा आठवड्यांच्या टाळ्यांनी ते सिद्ध होत नाही, आणि न्यायाधीन माणसाचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा असतो.

शेवटचं सत्र कधी, हे नवव्या आठवड्यात सांगा आणि नंतर दर आठवड्याला आठवण द्या. न सांगता बंद होणाऱ्या गोष्टी त्यांनी पुष्कळ पाहिलेल्या असतात. त्या दिवशी नवीन काही नाही, पाहुणे नाहीत, हार नाहीत. पावली, माग, विडी, गटाने दिलेले ताल, उतरणं. कागदावर आठही पावलांची चित्रं काढून ती अधीक्षकांच्या परवानगीने बराकीत लावायला द्या. मग रिंगणातच बसून नॅपकिन गोळा करा, एक ते चोवीस, आकडा मोठ्याने म्हणत. मोजणी बंदींपैकीच कुणाला तरी करू द्या. चोवीस भरले की वहीवर सही, बादली उचलायची आणि गेटवर झडती देऊन बाहेर.